ल्यूसाहेबांच्या मापाची टोपी

मी आज जो काही आहे तो माझ्या दत्तूमामांमुळे आहे, आणि सौदी अरेबियातल्या राबिघमध्ये एका भरल्या समारंभात चिनी आजींनी गळा काढला तोही, नीट पाहिलं तर, त्यांच्यामुळेच.

दत्तूमामा मंगळवेढ्याच्या बाजारपेठेत टोप्या शिवतात. पांढऱ्या, कडक, टोकदार. वडील लवकर गेल्यावर मामांनी मला आपल्याकडे आणलं आणि त्याच मशिनवर माझं शिक्षण शिवून काढलं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझ्या बी.कॉम.ला किती टोप्या लागल्या याचा हिशेब मी एकदा करायला घेतला आणि घाबरून सोडून दिला.

निकाल लागला त्या दिवशी मामांनी मला समोर बसवलं.

"अन्या, दुःखात कुणीबी जातं. दुसऱ्याच्या आनंदात जायला शिकावं लागतं. जाशील तिथं दोन शब्द त्याच्या भाषेत बोल. आणि हात हलवत जाऊ नको. टोपी-टॉवेल घेऊन जा."

हे मी आयुष्यभर पाळलं आहे. (ज्यांच्या आयुष्यात पाळलं त्यांना काय वाटलं, ते पुढे येईलच.)

राबिघला एक चिनी कंपनी रिफायनरीच्या बाजूला बांधकाम करत होती. मी तिच्या हजेरी विभागात होतो. ती वर्षं सौदीकरणाची. एकेका खुर्चीवर सौदी माणूस बसला पाहिजे, असा नियम टेबलाटेबलाने पुढे सरकत होता आणि तो माझ्या टेबलाशी येऊन थांबला होता. माझ्या खुर्चीत बसायला फहद नावाचा तरुण आला होता आणि त्याला काम शिकवायला मलाच सांगितलं होतं. मी त्याला मन लावून शिकवत होतो. वाईट शिकवणं मला जमत नाही. माझी बायको सुनंदा म्हणते, हीच आमच्या घराची मुख्य अडचण आहे.

वाचण्याचा मार्ग एकच होता. आमचे मोठे साहेब ल्यू यांनी मला गोदाम विभागात मागून घेतलं, तर इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, पुढे वाढणार होता. नाहीतर वर्ष अर्धवट टाकून मुलीची शाळा सोडायची आणि सामान बांधायचं. मी साहेबांना दोनदा भेटलो. ते दोन्ही वेळा म्हणाले, "बघू." चिनी माणूस 'बघू' म्हणतो तेव्हा काय समजायचं, हे मला ठाऊक नव्हतं. मराठी माणूस म्हणतो तेव्हा ठाऊक आहे, म्हणून जास्तच भीती वाटत होती.

अशात ल्यूसाहेबांना नातू झाला. बाळ तिकडे चीनमध्ये, आजोबा इकडे. बाळ महिन्याचं झालं की मेसमध्ये जेवण, सगळ्यांनी सहकुटुंब यावं, असं आमंत्रण फिरलं. मी त्याच संध्याकाळी मामांना फोन केला.

"नातू झाला म्हणतोस? मग टोपी पायजेच," मामा म्हणाले. "डोक्याचं माप पाठव."

साहेबांकडे डोक्याचं माप मागायचं कसं? शेवटी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या केबिनबाहेर टांगलेलं हेल्मेट उतरवलं आणि बुटाची नाडी आतल्या पट्ट्याला लावून मोजू लागलो. तेवढ्यात मागे फहद.

"अनिल, काय चाललंय?"

"साहेबांचं डोकं मोजतोय."

"नोकरीसाठी?"

"हो."

"आमच्याकडे अर्ज करतात," तो म्हणाला.

रजेवरून परतणाऱ्या एका फिटरच्या बॅगेतून टोपी आली. सोबत सोलापूरचा पांढराशुभ्र टॉवेल. गोदामातले आमचे इब्राहिमभाई दापोलीकडचे. त्यांनी पुडकं पाहिलं आणि म्हणाले, "अरे, चॉकलेटचा एक डबा दे नि मोकळा हो. शिकलेली माणसं सरळ कामाला वळसे का घालतात, मला कळलेलं नाही."

पण मला नुसतं मोकळं व्हायचं नव्हतं. दोन शब्द त्यांच्या भाषेत बोलायचे होते. आठवीतल्या आमच्या ऋचाने मोबाईलवर शोधून मला शिकवलं. चिनी भाषेत अभिनंदन म्हणजे 'गोंगशी'. नुसतं म्हणायचं नाही. उजव्या हाताची मूठ करायची, तिच्यावर डावा हात ठेवायचा आणि छातीशी हलवायचं.

"पप्पा, लेफ्ट ऊपर," ऋचा ओरडायची. "उलटा किया तो फ्यूनरलवाला हो जाता है."

मग तर मी फारच मनावर घेतलं. दात घासताना डावा वर, बसमध्ये डावा वर. शुभप्रसंगी आपल्या हातून अशुभ काही घडू नये, एवढीच चिंता होती.

सुनंदाने जेद्दाहून येणाऱ्या फुलवाल्याकडून पांढरी शेवंती मागवून घसघशीत हार केला. कुंकवाची डबी पिशवीत टाकली आणि पुन्हा काढून ठेवली. "परक्या धर्माची माणसं. कपाळाला लाल लावलेलं त्यांना चालेल-न चालेल. उगाच चूक नको," ती म्हणाली. मलाही ते पटलं.

शुक्रवारी मेसमध्ये शिरलो. भिंतीवर लाल कागद, छताला लाल कंदील, टेबलावर लाल रुमाल. इतकंच काय, प्रत्येकाच्या हातात एकेक उकडलेलं अंडं देत होते, तेसुद्धा लाल रंगवलेलं. त्या अख्ख्या हॉलमध्ये पांढऱ्या गोष्टी दोनच होत्या. एक फहदचा तोब, म्हणजे पायघोळ अरबी झगा, आणि दुसरी आमची पिशवी.

समोर मोठ्या पडद्यावर चीनमधलं घर दिसत होतं. लाल दुपट्यातलं बाळ, सून, मुलगा आणि मधोमध खुर्चीत साहेबांच्या आई. त्यांना इकडचं सगळं दिसत होतं. साहेब पडद्यासमोर उभे होते. अभिनंदनाला रांग लागली होती. माझा नंबर आला.

मी साहेबांच्या गळ्यात हार घातला. खांद्यावर टॉवेल पांघरला. मग दोन्ही हातांनी टोपी धरून डोक्यावर बसवली. ती अशी बसली की मामांना पाहायला मिळायला हवं होतं. एक पाऊल मागे सरकलो, उजवी मूठ, डावा वर, आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, "गोंगशी."

हॉल शांत झाला. पडद्यावर आजी खुर्चीतून पुढे झुकल्या, त्यांनी लेकाकडे निरखून पाहिलं आणि मोठ्याने हंबरडा फोडला. सुनेने बाळाचं तोंड दुसरीकडे वळवलं.

मला वाटलं, आजींना गहिवरून आलं. मी त्यांच्याकडे वळून पुन्हा म्हणालो, "गोंगशी." जरा मोठ्याने, कारण त्या लांब होत्या.

एक चिनी इंजिनिअर माझ्या कानाशी आला. "आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की मुलगा पांढरी टोपी घालतो," तो हळूच म्हणाला. "अंगावर पांढरं कापड घेतो. आणि ही फुलं..."

"हीच?"

"हीच."

मी सुनंदाकडे पाहिलं. तिला शब्द ऐकू गेले नव्हते, पण माझं तोंड दिसत होतं. तिने हातातलं लाल अंडं टेबलावर ठेवलं आणि ऋचाचा हात धरला, बहुधा सामान बांधायला घरी जावं म्हणून.

साहेब हात खाली सोडून उभे. टोपी काढावी तर पाहुण्याचा अपमान, ठेवावी तर आई रडते. तेवढ्यात फहद उठला. तो सरळ पडद्यासमोर गेला, साहेबांच्या शेजारी उभा राहिला आणि त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. आत त्याची रोजची पांढरी टोपी होती. त्याने तिच्यावर बोटाने टिचकी मारली, साहेबांच्या टोपीकडे बोट दाखवलं आणि सगळे दात दाखवून हसला. "रोज घालतो," तो म्हणाला. "अजून कुणी मेलं नाही."

साहेबांनी आईला ते चिनीत सांगितलं. मग माझ्याकडे हात करून आणखी बरंच काही सांगितलं. आजींनी डोळे पुसले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक प्रश्न विचारला. चिनी मंडळी एकदम हसली.

"आई विचारते," साहेब म्हणाले, "आनंदात हे आणतोस, तर कुणी गेल्यावर काय आणतोस?"

"जेवण," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

ल्यूसाहेबांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टोपीसकट हसत होते.

रविवारी त्यांनी बोलावलं. मी उभ्यानेच माफी मागितली. त्यांनी विचारलं, "टोपी इतकी नेमकी कशी बसली?" मी हेल्मेटचं आणि नाडीचं सांगितलं.

"मालकाला न विचारता त्याच्या डोक्याचं बरोबर माप काढतोस," ते म्हणाले. "गोदामात चालशील. पण एक अट. इथून पुढे कंपनीतर्फे अभिनंदनाला फहद जाईल."

इब्राहिमभाईंनी माझ्यासाठी गोदामात टेबल पुसून ठेवलं होतं. टेबलावर चॉकलेटचा डबा होता. "अभिनंदन असं करतात," ते म्हणाले. "बघून ठेव."

मामांचे दोन फोन येऊन गेले होते. फोनवर माझा आवाज पकडला गेला असता, म्हणून मी पत्र लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे:

"तीर्थरूप मामांस साष्टांग नमस्कार वि. वि.

टोपी साहेबांना अगदी मापात बसली. मी ती त्यांना घातली तेव्हा सगळा हॉल स्तब्ध झाला. साहेबांच्या मातोश्रींना तर रडू आवरेना. असा सत्कार त्यांच्याकडे अशा प्रसंगी आजवर कुणी केला नव्हता, असं तिथले लोक अजून सांगतात. साहेबांनी टोपी जपून ठेवली आहे, पण घालत नाहीत. मला गोदामात नोकरी मिळाली. शाळा, घर सगळं राहिलं. तुमचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

माझ्या जागेवर बसलेल्या फहदला तुमच्या हातची एक टोपी हवी आहे. त्याला पांढरी चालेल. चिनी मंडळींसाठी यापुढे कापड लाल घ्यावं. का, ते विचारू नये.

एक माझ्यासाठीही शिवा. इतकी वर्षं परदेशात राहून डोकं थोडं वाढलं असेल, असं वाटलं होतं. काल नाडीने मोजलं. मंगळवेढ्याहून निघालो तेव्हा होतं तेवढंच आहे.

तुमचा, अन्या."