भोंग्यातला बोळा

माझी भावजय गोदामात पॅकिंगच्या टेबलावर काम करायची, आणि हातांपेक्षा तिच्या तोंडाचा पट्टा जास्त चालायचा. त्याच गोदामात माझा धाकटा भाऊ फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याला आम्ही लहानपणापासून घुम्या म्हणतो. लग्न ठरलं तेव्हा मी तिला बजावलं होतं, "बाई, दोघांच्या वाटचं तुलाच बोलावं लागणार आहे." ती म्हणाली, "बोलेन की ताई. त्यांनी ऐकलं म्हणजे झालं."

आणि तो ऐकायचा. तिने म्हणायचा अवकाश, ते झालेलं असायचं. पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

फोर्कलिफ्टची गाडी मागे घेतली की तिचा भोंगा केकाटतो. गोदामभर अशा गाड्या, दिवसभर तेच. पॅकिंगच्या बायका डोकं धरून घरी यायच्या. एकदा माझ्यासमोरच ही त्याला म्हणाली, "अहो, तुमच्या त्या भोंग्याच्या तोंडात काहीतरी कोंबा, नाहीतर मला वेड लागेल." दुसऱ्या दिवशी घुम्याने त्यात फडक्याचा बोळा कोंबला. बायका खूश झाल्या. बाकीच्या ड्रायव्हरांनीही तेच केलं. सुपरवायझर म्हणाला, बरं झालं, आता निदान फोनवरचं ऐकू येईल.

मग एका दुपारी गाडीवर एवढा उंच माल होता की समोरचं दिसेना, म्हणून तो गाडी उलटी चालवत आला. ही नेमकी घरंगळलेला टेपचा रोल उचलायला खाली वाकलेली. त्याने मागे बघितलं, पण वाकलेली बाई त्याला दिसली नाही, आणि तिला गाडी ऐकू आली नाही. चाक कशावर तरी चढलं. त्याला वाटलं फळी असेल. मग तिची किंकाळी ऐकू आली.

उजव्या पावलाचा पुढचा भाग काढावा लागला.

घरी आल्यावर घुम्या तिचे केस विंचरायचा, कपडे धुवायचा, कणीक मळायचा. पण नजर गुडघ्याच्या खाली जायची नाही. ड्रेसिंग करायला मी जायचे, आणि मी पट्टी सोडायला घेतली की हा कुठे बाहेर सटकायचा कळायचं नाही. झोपायचाही बाहेरच्या खोलीत. ती मला म्हणाली, "ताई, पाय गेला ते गेला. हा माणूसही जातोय हो हातचा." एवढी बोलणारी बाई, पण त्याला हे सांगायला तिला तोंड नव्हतं. मला दोघांचीही दया यायची, आणि खरं सांगायचं तर रागही.

ऑफिसात चौकशी लागली. घुम्याने सांगितलं, बोळा मी माझ्या मनाने घातला. बायकोचं नाव काढलं नाही. तिला हे शेजारच्या टेबलावरच्या बाईकडून कळलं. लगेच म्हणाली, मला तिकडे न्या.

वॉकर धरून, दर चार पावलांवर थांबत ती ऑफिसात गेली. मी मागे. घुम्या कोपऱ्यात मान खाली घालून उभा. ती साहेबांना म्हणाली, "बोळा घाला असं मीच यांना म्हटलं होतं. बाकीच्या गाड्यांतही आहेत, काढून बघा. सुपरवायझरनाही ठाऊक होतं." सुपरवायझरचा चेहरा खर्रकन उतरला. त्या दिवशी सगळ्या गाड्यांतून बोळे निघाले. पुढे काय ठरेल ते ठरेल.

घरी पोचलो तर पट्टी भिजलेली. मी कात्री घेतली, तशी ती म्हणाली, "ताई, आज तुम्ही बसा. हे करतील."

घुम्या दारातच. पाय आत येईना. मी मुळातच फटकळ. म्हटलं, "अरे, बायकोचा पाय आहे. तुला खाणार नाही तो."

तो आला. खाली बसला. पट्टीची गाठ सुटायला वेळ लागला. शेवटी पाऊल उघडं पडलं आणि त्याने ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "दुखतं?"

डॉक्टरांनी विचारलं होतं, मी रोज विचारायचे, तिच्या आईने फोनवर विचारलं होतं. सगळ्यांना ती म्हणाली होती, नाही हो, एवढं काही नाही.

"हो," ती त्याला म्हणाली. "खूप दुखतं."

आणि रडायला लागली. तोही रडत होता. त्याने ते अर्धं पाऊल मांडीवर घेतलं आणि त्यावर हळूहळू फुंकर घालत बसला.