मागच्या दारचा दिवा

यंदा परसात काजवे दिसलेच नाहीत. मे संपत आला, हवा अंगाला चिकटायला लागली, तरी विहिरीकडची झाडं काळीच. गेल्या वर्षी कपडे धुवायच्या दगडापाशी फुरसं निघालं, तेव्हापासून मागच्या दाराला पांढराफेक मोठा बल्ब लावलाय. दिवेलागणीला लावला की उजाडेपर्यंत जळतो. काजवे खरंच गेले, की आमच्या उजेडात दिसेनासे झाले? हे काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी काल मी बटणाला हात घातला.

"अगं, तिन्हीसांजेला दिवा कोण मालवतं?" सासूबाई दारातून ओरडल्या. "लक्ष्मी यायची वेळ ही! आणि पायाखाली काय येईल ते दिसणारे का?"

मी बंद केलाच.

बल्बाला सरावलेल्या डोळ्यांना काहीच दिसेना. पाचोळ्यात काहीतरी सरकलं. मी पाय वर घेऊन पायरीवर बसले. सासूबाई मागे उभ्या होत्या, रागावलेल्या. आपण उजेड लावतो तो भीतीपोटी. आणि ज्यांचं सगळं बोलणंच उजेडातून चालतं, त्यांचा आवाज त्याखाली दाबून टाकतो.

मग फणसाखाली एक ठिणगी लुकलुकली. विझली. पुन्हा लुकलुकली. काजवा असा जोडीदाराला हाक मारतो म्हणतात. सगळ्या परसात तो एकटाच हाका मारत होता आणि उत्तर कुठूनच येत नव्हतं. मला ते बघवेना. मी बटणाकडे हात नेला.

सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"थांब," त्या कुजबुजल्या. "आधी त्याला कुणीतरी ओ देऊ दे."