चांदी चढलेली वाम

भाद्रपदातली दुपार. पडवीत आडवा झालेला भागोजी भोई झोपलाय असं काही म्हणवत नाही. एक डोळा मिटलेला, दुसरा आढ्याला लागलेला. वर्षभर त्याची झोप अशीच आहे, उंबऱ्यावरच्या मांजरासारखी, ना आत ना बाहेर. तेवढ्यात पायाशी कुणीतरी बसतं. सुगंधा, त्याची लेक, गेल्या भाद्रपदात बाळंतपणात गेलेली. पोट मात्र अजून भरलेलंच आहे.

“आबा, पिशवी भरून ठेवलेय. कदी येताव न्यायला?”

“येतो गो. चार दिस थांब. वामी उतरतायत.”

तेव्हाही फोनवर तो हेच बोलला होता. पहिलटकरणीला बापानं जाऊन माहेरी आणायचं ही माणसांची रीत. आणि भाद्रपदाच्या पुरात मोठ्या वामींनी, सापासारख्या लांब माशांनी, नदी सोडून समुद्राकडे निघायचं, चारच दिवस, ही नदीची रीत. भागोजीनं नदीची पाळली. तिसऱ्या दिवशी सुगंधा सासरच्या गावीच, दवाखान्यात, बाळंत होताना गेली. पोर तेवढी वाचली. आता ती वर्षाची होईल, पण भागोजीनं अजून तिला पाहिलेलं नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

पडवीत गुडघाभर पाणी आहे. हा तर बंधाऱ्याखालचा डोह. बांबूच्या सापळ्यात मनगटाएवढी वाम वळवळतेय. सुगंधा ती उताणी करते.

“हिच्या पोटाला चांदी चढलेय. आजा अशी सोडून द्यायचा ना?”

“द्यायचा. म्हनायचा, ही म्हायेरी निघाली, बाळंतपनाला. जानारनीला अडवू नये.”

“मंग तुमी?”

गेल्या साली त्यानं अशा सात धरल्या होत्या, आणि वर बढाई मारली होती. तो सापळ्याचं तोंड उघडतो. आत दवाखान्याची लांबलचक ओसरी आहे, बाकांखालून पाणी वाहतंय. वाम पुढे, मागून बापलेक. ओसरी संपते तिथे खाडी लागते. वाऱ्याला मिठाचा वास आहे.

“तिकडं गेलेली परत येत नाय?”

“नाय. अंडी घालते नि मरते.”

“आनि पोरं?”

“पोरं येतात वर. काचेसारखी, आरपार दिसनारी. खाडीतनं नदीत, ओल्या दगडावरनं सरपटत बंधारासुदिक चढतात.”

“कोन आनतं त्यांना?”

“कोन नाय. आपली आपन येतात.”

सुगंधाचं पोट आता सपाट आहे.

“माझी नाय येनार, आबा. तिला अजून चालता येत नाय.”

भागोजी भलतंच विचारून बसतो, “नाव काय ठेवलं तिचं?”

“बारशाला तुमी नाय गेलाव. मी तरी कुठं होते?”

वर्षभर अडलेलं रडू आत्ता फुटतं. लेकीचा हात धरायला तो पुढे होतो, पण हात बुळबुळीत, धरला धरला म्हणेपर्यंत सुटतो. समोर नुसतं पाणी.

डोळे उघडतात तेव्हा ऊन छातीवर आलंय. बायको द्रौपदी समोर उभी आहे, त्याच्या पायांकडे बघत. दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलानं माखलेत. इथली माती तांबडी. असला चिखल खाडीला असतो, आणि खाडी इथून सहा कोस.

“कुठं जाऊन आलाव?” ती विचारते.

“जायचंय अजून. सुगंधाची पोर बघून येतो. देतील तर चार दिस आजोळी आनतो.”

द्रौपदी पदर तोंडाशी नेते. ज्या शब्दांसाठी वर्षभर कान लावून बसली होती, ते ऐकल्यावर तिला भलतीच काळजी सुचते.

“आज अवस हाय. एक दिवस थांबा.”

“सुगंधाला मी थांबच म्हनलो होतो,” भागोजी म्हणतो, आणि पाय न धुताच एसटीच्या थांब्याकडे चालू लागतो.