साईनाथची मिशी

पळसदरीत साईनाथ दोन गोष्टींसाठी ठाऊक होता. एक त्याची मिशी आणि दुसरं त्याचं घोरणं. मिशीची टोकं गालांवर चढून कल्ल्यांना भेटायला निघालेली. घोरणं असं, की उन्हाळ्यात तो ओट्यावर निजला की तिसऱ्या घरातली इंदूबाई सकाळी येऊन भाग्यश्रीला विचारायची, "काय गं, रातभर भाताची गिरण चालू ठेवलीवती काय?" सगळे हसायचे. साईनाथही मिशीला पीळ देत हसायचा. घोरणारा माणूस म्हणजे गाढ झोपलेला, सुखी माणूस, असा गावाचा ठाम समज. आणि गावाचे ठाम समज तपासायला रात्री जागं कोण राहतं?

भाग्यश्री राहायची. नवऱ्याच्या घोरण्याचं तिला काहीच वाटत नव्हतं. तिला धास्ती होती ती घोरणं थांबण्याची. ऐन रंगात आलेली गिरण अचानक बंद पडायची. छाती वरखाली व्हायची, पण नाकातोंडातून वारा नाही. ती अंधारात वाट बघायची, मग खांदा धरून गदागदा हलवायची. बुडालेला माणूस वर यावा तसा तो मोठ्यानं श्वास ओढायचा, कूस बदलायचा, आणि गिरण पुन्हा सुरू. सकाळी त्याला यातलं काही आठवायचं नाही. डोकं जड, तोंडाला कोरड, आणि वर बायकोवरच वैताग. "झोपू देत नाय तू मला." कित्येक वर्षं ती एक हात त्याच्या छातीवर ठेवूनच पडत होती. त्याला झोप म्हणायचं असेल तर ती झोपत होती.

साईनाथ खालापूरकडच्या एका कारखान्याची बस चालवायचा. कर्जत, भिसेगाव, पळसदरी करत कामगार गोळा करायचे आणि पहिल्या पाळीला पोचवायचे. पावसाळा सरता सरता एका सकाळी, लख्ख उजेडात, स्टिअरिंगवर हात ठेवूनच त्याचे डोळे मिटले. शेजारच्या सीटवरच्या दत्तानं बोंब मारून स्टिअरिंग ओढलं म्हणून बस एक चाक भाताच्या खाचरात घालून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण गाडीतल्या प्रत्येकानं त्या दिवशी आपापलं मरण बघितलं, आणि साईनाथनं सगळ्यांचं.

आधी सगळ्यांना वाटलं, प्यायलेला आहे. साईनाथनं उभ्या जन्मात दारूला हात लावलेला नव्हता. मग कारखान्यानं डॉक्टरकडे पाठवलं. डॉक्टरनं रात्रभर अंगाला तारा लावून झोपवलं आणि सकाळी निदान सांगितलं. झोपेत याचा घसा मिटतो, श्वास अडतो, रात्रीतून पुन्हापुन्हा अडतो, आणि त्याचा सगळा भार काळजावर येतो. "रोज मशीन लावून झोपला तर गाडी चालवेल," डॉक्टर म्हणाले. "नाही झोपला तर गाडी तर नाहीच, आणि..." पुढचं ते बोलले नाहीत. नुसते भाग्यश्रीकडे बघत राहिले. तिला पुढचं कळलं. ती ते वाक्य रोज रात्री ऐकत होती.

दिवाळीनंतर पुन्हा यायचं होतं. मास्क लावला की नाही हे मशीनच सांगणार होतं, तिथं थापा चालणार नव्हत्या. तोवर कारखान्यानं साईनाथला गेटवर बसवलं. आपलीच बस दुसरा माणूस आत घेऊन येतोय आणि आपण आडवा बांबू वर करतोय, हे ज्याला करावं लागलं त्यालाच त्याचं दुःख ठाऊक.

आता मशीन म्हणजे काय, तर उशाशी ठेवायचा एक डबा. तो नळीतून हवा सोडतो, मास्कमधून ती घशात जाते आणि घसा मिटू देत नाही. डब्याची काही तक्रार नव्हती. घोडं अडलं ते मास्कपाशी. पहिला मास्क नुसता नाकावर बसणारा होता. साईनाथचं तोंड झोपेत उघडायचं, हवा तिथून निघून जायची आणि घसा पापडासारखा वाळायचा. दुसऱ्याला नाकपुड्यांत घालायची दोन मऊ बोंडं होती. त्यांनी चार दिवसांत नाकपुड्या सोलून काढल्या. तिसरा नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. हा तरी बसेल म्हणून भाग्यश्री ग्रामदेवीला नारळ बोलली. पण मशीन सुरू केलं की गालाजवळून फुस्स करून हवा सुटायची ती थेट डोळ्यांत. साईनाथ पट्टे आवळायचा. हवा सुटतच राहायची, मग आणखी आवळायचा. नाकाच्या दांड्यावर जखम झाली, डोळे लाल झाले, आणि मध्यरात्री कधीतरी तो सगळं उपटून भिरकावून द्यायचा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं तर मोत्यानं नाकच खाल्लं होतं.

"झोपंला कसला डागतर रं?" आबाजी ओट्यावरून म्हणायचे. "घोरतो म्हंजे बरा झोपतो. माझा बापूस घोरायचा."

आबाजी म्हणजे साईनाथचे वडील. ऐंशी ओलांडली तरी ताठ. गावात कुणी गेलं की पहिला निरोप आबाजींना येई. बांबू तोडायचा, सुंभ भिजवायचा, तिरडी बांधायची, हे त्यांचंच काम. त्यांची गाठ कधी सुटली नाही. तिरडीच्याही आधी आणखी एक काम असे. कुणाच्या घरात संशय आला की आबाजी जात, उलटा हात त्या माणसाच्या नाकाखाली धरत आणि मान हलवत. त्यानंतरच रडणं सुरू होई. गावाचा डॉक्टरपेक्षा त्या हातावर जास्त विश्वास.

शेवटी भाग्यश्री नवऱ्याला घेऊन कर्जतला गेली. मास्क बसवून देणारी अक्षदा नावाची मुलगी होती, भिसेगावची. तिनं साईनाथला बाकावर आडवं केलं, मशीन लावलं आणि मास्कच्या कडेनं हलकेच बोट फिरवत गेली. ओठाच्या वर आणि गालाशी बोट थांबलं.

"काका, हवा इथून जाते. मिशीतून. रबर कातडीला टेकतच नाही. ती काढली तर हाच मास्क बसेल बघा."

साईनाथचा हात मिशीवर गेला. अक्षदाला आपण काय बोललो ते तेव्हा उमगलं. ती त्याच मातीतली पोर. तिनं आवाज खाली आणून विचारलं, "वडील आहेत का?"

"हायत," साईनाथ म्हणाला.

अक्षदा नळी गुंडाळू लागली. "मग आधी कात्रीनं बारीक करून बघा," एवढंच म्हणाली.

आईबाप गेल्यावर मिशी उतरायची, एरवी नाही. बाप चालताबोलता असताना पोरानं ओठावर वस्तरा फिरवला तर तो बापाला पोचवायला निघाला असंच समजायचं. साईनाथची मिशी एकदाच उतरली होती, त्याची आई सोनाबाई गेली तेव्हा. तो उघडा ओठ बघून आबाजी तेरा दिवस पोराच्या तोंडाकडे बघत नव्हते. आता सुनेनं मिशीचा विषय काढायचा म्हणजे सासऱ्याला, तुम्ही कधी जाताय, असं विचारण्यासारखं होतं. भाग्यश्रीनं आबाजींसमोर उभ्यानं पाणी प्यायलेलं कुणी बघितलं नव्हतं, ती हे काय विचारणार?

तिनं शिवणाची कात्री घेऊन मिशी बारीक केली. हात दाखवून अवलक्षण! खुंट ताठ उभे राहून रबराला टोचायला लागले आणि हवा पूर्वीपेक्षा जास्त सुटायला लागली. संध्याकाळी आबाजींनी पोराच्या तोंडाकडे बघितलं, अर्धी भाकरी ताटात ठेवली आणि उठून गेले.

"अवो, काढून टाका सगळी," त्या रात्री भाग्यश्री म्हणाली. "मी आबांच्या पाया पडते."

"बाप जिता हाय माझा!" साईनाथ उसळला. "बस गेली तर जाऊ दे. मी मेलो तर मरू दे. त्यांच्या डोळ्यांदेखत मी ह्ये करनार नाय."

"आन माझ्या डोळ्यांदेखत काय व्हतंय ते?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला. मास्क खुंटीवर तसाच राहिला. थोड्या वेळानं गिरण सुरू झाली आणि भाग्यश्रीचा हात नेहमीच्या जागी गेला. तिला त्या मिशीचा राग आला, गावाचा आला, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्याचाही आला.

डॉक्टरची तारीख आठवड्यावर आली. एका दुपारी साईनाथ गेटवरची पाळी संपवून आला, जेवला आणि ओट्यावर उताणा पडला. पलीकडे आबाजी सुंभ वळत बसले होते. भाग्यश्री दाराच्या आत तांदूळ निवडत होती. घोरणं सुरू झालं, चढलं आणि थांबलं.

ती सवयीनं उठली. दारापर्यंत आली आणि तिथं थबकली. आबाजींचे हात थांबले होते. ते पोराकडे बघत होते. भाग्यश्रीनं चौकट घट्ट धरली. आज हलवायचं नाही, असं तिनं ठरवलं. आपण हे काय करतोय? हाच श्वास परत आला नाही तर? तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि उभी राहिली.

आबाजी उठले. पोराजवळ बसले. आणि त्यांचा उजवा हात, गावभर फिरलेला तो हात, आपोआप उलटा होऊन साईनाथच्या नाकाखाली गेला.

वारा नव्हता. आबाजींनी हात हलवून पुन्हा धरला. त्यांचा चेहरा भाग्यश्रीनं कधी बघितला नव्हता असा झाला. त्यांची मान हलणार की काय या भयानं तिच्या घशातून आवाज फुटणार होता, तेवढ्यात साईनाथचं अंग आचकलं आणि श्वास घशातून खरखरत आत गेला. आबाजींनी हात चटका बसल्यासारखा मागे घेतला.

त्यांनी तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला. मग वर न बघताच म्हणाले, "आसं किती येळा?"

"मोजत नाय आता, आबा. रोज, रातभर."

"आन तू काय करतंस?"

"मी हलवते."

"मंग आज का नाय हलवलंस?"

भाग्यश्रीनं सासऱ्याच्या डोळ्यांत बघितलं. "तुमी बगावं म्हनून."

आबाजींनी पोराकडे बघितलं. बोलले तेव्हा आवाज बसलेला होता. "त्या डब्यानं ह्ये थांबतं?"

"थांबतं. पन मास्क बसत नाय."

"का नाय बसत?"

तिनं पदर डोक्यावर ओढला. "मिशी आडवी येते, आबा."

आबाजी उठून घरात गेले. गेलं सगळं, तिला वाटलं. आता म्हातारा जेवण टाकेल, आपल्या भावाच्या घरी जाऊन बसेल, आणि गाव मला काय ते बोलेल. पण आबाजी परत आले ते पत्र्याच्या डबीतला रेझर, साबण आणि ब्रश घेऊन. "वाटीत पानी आन," म्हणाले, आणि साईनाथला पायानं ढोसून उठवलं.

रेझर बघून साईनाथची झोप उडाली. तो भिंतीला जाऊन टेकला. "आबा, नको. तुमी हाव ना अजून!"

"हाय म्हनूनच सांगतो. बस खाली."

"लोक काय म्हनतील?"

"लोकांच्या तिरड्या मीच बांदल्यात, मला नको सांगू लोक." आबाजींचा आवाज चढला आणि मध्येच फुटला. "माज्या वक्ताला मिशी उतरवायला तू पायजेस रं. का मी बांदू तुजी? बापानं पोराची बांदलेली म्या बगितलीय. ती गाठ हाताला लागत नाय."

साईनाथ खाली बसला. म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं फेस लावला आणि रेझर चालवला. भाग्यश्रीनं हनुवटीखाली वाटी धरली. काळेपांढरे केस पाण्यावर तरंगत राहिले. उघडा ओठ दिसला तशी तिला सोनाबाई आठवली, आबाजींनाही आठवली असावी. पण या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. अंगठ्यानं ओठावरचा साबण पुसला आणि नीट बघून घेतलं.

त्या रात्री मास्क बसला. पट्टे सैल ठेवले तरी बसला. फुस्स नाही, गिरण नाही, नुसती नळीतली हवा जाताना येणारा बारीक आवाज. या शांततेची सवय नसलेली भाग्यश्री पुन्हापुन्हा छातीवर हात ठेवून बघत होती. दर वेळी छाती संथ हलत होती. कधीतरी तिचा हात तिथून घसरला आणि तिला कळलंही नाही.

तिला जाग आली ती रडण्यानं. ऊन घरात आलं होतं आणि अंगणात इंदूबाई मोठ्यानं गळा काढत होती. भाग्यश्रीचा हात शेजारी गेला. अंथरूण रिकामं. मास्क उशीवर पडलेला. आपण झोपलो, आपला हात सुटला! ती धडपडत दाराशी गेली.

अंगणात माणसं जमली होती. त्यांच्या मधोमध साईनाथ दुधाची पिशवी घेऊन उभा होता, ताजातवाना आणि पार गोंधळलेला. भाग्यश्री दारातच मटकन खाली बसली. झालं होतं ते एवढंच, की दुधाला गेलेल्या साईनाथचा उघडा ओठ इंदूबाईनं बघितला आणि विचारायला न थांबता हंबरडा फोडला. दत्ता दोघांना घेऊन बांबू तोडायला निघालासुद्धा होता. फक्त तिरडी बांधायची कुणी यावर त्यांचं अडलं होतं, कारण ज्याला ती यायची तोच गेला होता.

तेवढ्यात परसातून आबाजी तांब्या घेऊन आले. एवढी माणसं, एवढी पडलेली तोंडं बघून त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि जन्माच्या सवयीनं वळचणीला खोचलेल्या कोयत्याकडे हात नेला.

"कोन गेला गं?" त्यांनी इंदूबाईला विचारलं.

इंदूबाईचं रडं घशातच राहिलं. सगळ्यांचे डोळे साईनाथच्या ओठाकडे वळले तसा आबाजींना उलगडा झाला. त्यांनी कोयता जागच्या जागी सोडला.

"कोन नाय गेला," ते म्हणाले. "जावा घरी. आन वरडू नका, मानसं झोपल्यात."

मग त्यांचं लक्ष दारात बसलेल्या सुनेकडे गेलं. भाग्यश्री पदर सावरत गडबडीनं उठायला लागली. चूल पेटली नव्हती, अंगण झाडलं नव्हतं.

"तू कशाला उठलंस?" आबाजी सगळ्यांदेखत म्हणाले. "चा मी ठेवतो. तू जा, नीज."

दिवस वर आल्यावर सासऱ्यानं सुनेला नीज म्हणावं, हे पळसदरीत कुणी ऐकलं नव्हतं. भाग्यश्रीनं साईनाथकडे बघितलं. तो श्वास घेत होता. ती आत गेली आणि दोन्ही हात स्वतःच्या उशाखाली घेऊन झोपली.