नऊशे साठ

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहाचा कप घेऊन उठून जाणारी बाई आहे. धातू तापला की कसा ताणतो, वाकतो, हे कॉम्प्युटरवर काढणं माझं काम. आकडे घाला, उत्तर घ्या. त्यात कोण येणार, डोंबल!

शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात आहे मी (नाव विचारू नका). तिथली भट्टी संदीपदादा बघतो – माझा सख्खा चुलतभाऊ. आम्ही दोघं निमोण्याचे, दरवर्षी राखी बांधते त्याला. नोकरीही त्यानंच लावली. भट्टीत माल एका जाड हुकाला टांगतात. हूक निकेलच्या मिश्रधातूचा, पण सतत तापून तोही हळूहळू लांबतो. तो किती दिवस टिकेल, हे मला सांगायचं होतं. कारण माल क्रेननं बाहेर निघताना बाजूला बापूमामा उभे असतात, हातात सळई घेऊन, लोंबता माल वळवायला. दौंडचे, साठीला टेकलेले. "पोरी, जेवलीस का?" विचारल्याशिवाय पुढं जात नाहीत.

दादानं भट्टीचं तापमान दिलं – नऊशे. मी घातलं, रन लावला, जेवून आले. स्क्रीनवर हूक डावीकडून लोंबलेला... तोही महिन्याभरात! इनपुट बघितलं तर नऊशे साठ. माझंच चुकलं असेल म्हणून नऊशे केलं. पुन्हा नऊशे साठ. तिसऱ्यांदा शेजारच्या प्राजक्तानं टाइप केलं आणि आम्ही दोघी जागच्या हललो नाही. रन संपला, फाईल उघडली – नऊशे साठ. "ए बाई, मी नाही बसत इथं," म्हणून ती उठूनच गेली.

दादाला फोन लावला. "नक्की नऊशेच ना?"

"आगं सुमे, रोज मीटर बघतोय मी. भावावर इस्वास न्हाई व्हय?"

विश्वास होता, तोच तर होता! पण तो हूक डोळ्यांपुढून जाईना. भरदुपारी खाली गेले. माल निघायचाच होता, मामा जागेवर. मी ओरडले, "मामा, मागं व्हा! क्रेन थांबवा!"

सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या. भट्टी निवल्यावर हूक मोजला. डावीकडूनच ताणलेला, वर केसाएवढी चीर. मग मेंटेनन्सवाल्याला दिसलं – तापमान मोजणारी दांडी कुणीतरी चार बोटं बाहेर ओढून ठेवलेली. म्हणजे मीटर नऊशे दाखवणार आणि आत नऊशे साठ. माल लवकर तापतो, शिफ्टचं टार्गेट लवकर उरकतं.

दादाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"मामा तिथं उभे असतात, माहीत होतं ना तुला?"

"आजवर काय झालं का?" मग जवळ येऊन हळूच, "तुला ही भानगड मामांनीच सांगितली ना?"

कानाखाली द्यावीशी वाटली मला. ज्याच्या जिवाशी खेळला, त्याच्यावरच आळ! आणि माझ्या नावाच्या रिपोर्टमध्ये खोटा आकडा जाणार होता, तोही राखीच्या भावानं दिलेला...

आयटीवाल्यानं फाईल तपासली. तिन्ही वेळा आकडा माझ्याच लॉगिनवरून बदललाय. पहिल्या वेळी मी कॅन्टीनमध्ये होते. तिसऱ्या वेळी तर दोघी समोर बसलेलो.

मामांना आता गेटवर बसवलंय. त्यांनीच चुगली केली असं धरून भट्टीवाले त्यांच्याशी बोलत नाहीत. परवा मला थांबवून म्हणाले, "पोरी, मला ह्यातलं कायबी ठावं नव्हतं. मग माझं नाव का घेतलंस गं?"

मी नाही घेतलं हो, शपथेवर सांगितलं.

"मग कुणी सांगितलं तुला?" त्यांनी विचारलं.

मी वर ऑफिसातल्या माझ्या कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. ते मान हलवत गेटकडं निघून गेले.