काउंटरवरचं कपाळ

आमच्या दवाखान्यात काउंटरवर बसायची तिला सगळे ताई म्हणायचे. मॅडम म्हणजे त्वचेच्या डॉक्टर, आणि मी सिस्टर, सुरकुत्यांच्या इंजेक्शनचं औषध कालवून सुया भरणारी. ताईच्या कपाळात गेलेल्या बहुतेक सुया माझ्याच हातच्या होत्या, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणी मला गरीब गाय समजायला नको.

एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसली. सुरुवातीला इथे खरूज, नायटे आणि मुरूम यांचीच गर्दी असायची, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघायला वेळ कुणाला होता? मग मॅडमनी सुरकुत्यांचं काम सुरू केलं. लाकडी बाकं गेली, सोफे आले, भिंती पांढऱ्याफेक झाल्या. एके दिवशी मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ताई, लोक माझ्याकडे यायच्या आधी तुमचं कपाळ बघतात. त्यावर एवढ्या आठ्या असतील तर माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?"

सगळे हसले. मी जरा जास्तच हसले.

ताईला मात्र कळलं, की आपली खुर्ची डळमळतेय. घरी नवरा दिवसभर पेपर तोंडावर घेऊन पडलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगा-सून वेगळे. घरात तिला कुणी हाकसुद्धा नीट मारायचं नाही, नुसतं "चहा टाक" एवढंच. इथे चांगल्या घरच्या बायका तिला विचारून बसायच्या, तिला विचारून आत जायच्या. ती खुर्ची गेली तर आपण कुणीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आमच्याकडे एक रीत होती. औषधाची बाटली एकदा कालवली की फार टिकत नाही. संध्याकाळी तळाशी थोडं उरायचं आणि ते फेकणं मॅडमच्या जिवावर यायचं. म्हणून उरलंसुरलं स्टाफला. मॅडम घाईत असल्या की "सिस्टर, तुम्हीच टोचा" म्हणून पर्स उचलायच्या. बाकीच्या बायका वर्षातून एखाद-दोनदा घ्यायच्या. ताई मात्र दर पंधरवड्याला खुर्ची ओढून हजर.

दोन वेळांमध्ये निदान तीन महिने जाऊ द्यायचे, ही सूचना काउंटरवरच चिकटवलेली होती. ती स्वतः रोज दहा जणांना ती वाचून दाखवायची. पण सूचना पेशंटसाठी, आणि आपण काय पेशंट आहोत का, असं तिचं म्हणणं. मीही कधी हात आखडला नाही. बाटलीत असेल तेवढं टोचायचं, कधी चार ठिकाणी, कधी एकाच भुवईवर. मग एक भुवई वर चढून बसायची आणि समोरचा खोटं बोलतोय असा भाव तिच्या तोंडावर आठवडाभर राहायचा. ते मी मुद्दाम करायचे का? दोनदा केलं. एकदा पेशंटसमोर ती मला "ए सुईवाली" म्हणाली होती.

पहिलं वर्ष तिचं सुखाचं गेलं. कपाळ इस्त्री केल्यासारखं झालं. त्याच वर्षी सासू गेली. ताई धाय मोकलून रडली, पण डोळ्यांच्या वर काहीच हलेना. नणंद सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वहिनीला आनंद लपवता येईना." हे ताईनंच मला सांगितलं, आणि सांगताना तिला रडू येतंय की हसू, ते मलाही कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी औषध लागू पडेनासं झालं. ती म्हणाली, "जरा जास्त टोच." जास्त टोचलं. काही नाही. आठ्या परत आल्या, आणि तीन वर्षांचं साचलेलं वय एकदमच तोंडावर उतरलं. मॅडमनी दिव्याखाली चेहरा बघितला. "इतक्या लवकर लवकर घेतलंत, अंगाला ते ओळखीचं झालं. आता याचा उपयोग नाही."

"किती दिवस?"

"कदाचित कायमचंच."

मला हे माहीत होतं. औषधासोबतच्या कागदावर तसं छापलेलं असतं, आणि बाटल्या मीच उघडायचे. तिला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं, असं मी स्वतःला समजावते, पण मला तिची ती खुर्ची खुपायची, हे खरं.

आठवड्याभरात मॅडमनी तिला फोटोसाठी बोलावलं. काहीतरी नवा उपचार निघालाय असं वाटून ती ओठ रंगवून आली. "पुसा ते, आणि हसू नका," मॅडम म्हणाल्या. फोटो काढला. मग कॉम्प्युटरवर तिचा इंजेक्शनच्या पहिल्या वर्षाचा फोटो शोधून शेजारी लावला. आजच्या फोटोखाली लिहिलं 'आधी', जुन्याखाली 'नंतर'.

"मॅडम, हे उलटं झालं ना?"

"कुणाला कळणार आहे? फोटो लावायच्या परवानगीचा हा कागद, सही करा. आत ट्रे धुवायला माणूस हवंच आहे, तुम्हाला घरी नाही पाठवत मी."

"आणि काउंटर?"

"तिथे नवी मुलगी येतेय सोमवारपासून. तुमचा फोटो तिच्या मागच्या भिंतीवरच लागणार आहे की."

ताईनं सही केली. मी साक्षीदार म्हणून खाली माझी केली.

परवा ती सोफ्यांसमोरचं टेबल पुसत होती. एक तरतरीत बाई फोटो न्याहाळत बसली होती. तिनं ताईकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि मला वाटलं, झालं, पकडलं आता.

"मावशी," ती मायेनं म्हणाली, "इथेच काम करता, मग तुम्ही का नाही घेत? ही बाई बघा. आधी तुमच्याहून वाईट होती."

ताईनं मान वर करून फोटो नीट बघितला.

"हो ना," ती म्हणाली. "नशीब काढलं हो बाईनं."

मग टेबलाचा राहिलेला कोपरा पुसला आणि बादली उचलून आत आली.