शेळीची टाच

परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि माझ्या बारावीच्या चित्रकलेच्या मुलांना शेळीचे मागचे पाय काही केल्या जमत नव्हते. म्हणून मी त्यांना वडूजच्या बाजारात नेलं. तिथे शेळ्या विकायला बसलेल्या एका धनगर बाईंनी आम्हाला जवळ बसू दिलं. त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

बाई गिऱ्हाइकाशी बोलतानाही शेळीच्या अंगावरून अंगठा फिरवत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी एका मुलीच्या कागदावरच्या पायावरूनही तसाच अंगठा फिरवला आणि पाय वाकतो तिथे थांबवला.

“मास्तर, हिचा पाय मोडलाय,” त्या म्हणाल्या. “पोरांनी शेळी बघितलीच न्हाई. नुसती वळखली.”

“पण गुडघा तर तिथेच असतो,” मी म्हणालो.

“आवं, गुडघा वर पोटापाशी असतोय. खाली वाकती ती टाच. पटंना व्हय? मग तुमीच व्हा शेळी.”

मी खरंच भर बाजारात जमिनीवर हात टेकवले आणि टाचा उचलून चवड्यांवर उभा राहिलो. मुलं हसून लोळायला लागली. बाईंनी माझी टाच चिमटीत धरली आणि शेजारच्या शेळीचीही दाखवली. हळूहळू हसणं थांबलं. मुलं एकदा माझ्याकडे, एकदा शेळीकडे बघत काढू लागली.

“उठू का?” मी विचारलं.

“ऱ्हावा तसंच. पोरं आत्ता कुठं बघाय लागल्यात.”

मला हसू आवरत नव्हतं, पण हललो असतो तर चित्र बिघडलं असतं. वीस वर्षांत पहिल्यांदाच मी माझ्या वर्गात गप्प राहिलो.